मदत हवी आहे: लेथवर सरळ दांडा टेपर (एका टोकाला जाड) का येतो?

नमस्कार मंडळी,

मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, कोल्हापुरात. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये एका लेथभोवती (धातूचा तुकडा फिरवून कापायचं मशीन) अख्खी बॅच उभी असते, हात लागतो तो जर्नलवर सही मिळण्यापुरता. म्हणून रविवारी उद्यमनगरात ओळखीच्या एका काकांच्या शॉपवर जातो. काका जुने टर्नर (लेथ चालवणारे), बोलणं मोजकं. काही विचारलं की, "कर, मग कळंल."

त्यांनी एमएसचा (साध्या पोलादाचा) २२ मिमी व्यासाचा बार दिला, २० चा सरळ दांडा काढ म्हणाले. टूल एचएसएस (हाय स्पीड स्टील), स्पीड साडेचारशे आरपीएमच्या आसपास. बार चकच्या (त्याला एका टोकाला धरणाऱ्या पकडीच्या) बाहेर साधारण २०० मिमी, टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा आधार) लावलेला नाही. चकजवळ व्हर्नियरवर २० येतं, मोकळ्या टोकाला २०.३! टोकाकडे मशीन किंचाळतं आणि जॉबवर (कापायच्या तुकड्यावर) लाटा उठतात. टूलचं टोक जॉबच्या सेंटरच्या उंचीलाच आहे. फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) कमी केला की फरक घटतो, पण जात नाही.

काकांना कारण नक्की माहीत आहे. हसून म्हणतात, "तुमच्या पुस्तकात असंल की." पुस्तकात टेपर करायच्या चार पद्धती आहेत, नको असताना झालेल्या टेपरबद्दल अवाक्षर नाही.

जाणकारांनी कारण सांगावं. आणि यानंतर कोणता जॉब करू, ज्यात वाचलेलं हाताला लागेल? (मित्र म्हणतात, लेथ सोड, कॅडचा कोर्स कर. तो करणारच आहे, पण हे आधी.)

प्रतिसाद १

मशीन टूल्सचं पुस्तक मिटा, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचं उघडा. तुमचा बार म्हणजे कँटिलिव्हर, एकाच टोकाला धरलेला दांडा. टूल त्याला मागे ढकलतं आणि वाकणं लांबीच्या घनाने वाढतं. २० व्यास, २०० लांबी, टोकावर १०० न्यूटन जोर धरून गणित करा: टोक सुमारे ०.१७ मिमी सरकतं, व्यासात त्याच्या दुप्पट दिसतं. तुमचे ०.३ तिथून आले. लांबी निम्मी केलीत तर वाकणं आठव्या हिश्शावर येईल.

व्यासाच्या तिप्पट-चौपटीहून जास्त बार बाहेर असेल तर टोकाला सेंटर ड्रिल मारून (आधारासाठी छोटं भोक पाडून) टेलस्टॉक लावायचाच. शेवटचा कट हलका, टूलला ताजी धार. तरीही टोक जाड आलं तर टेलस्टॉक मध्यरेषेपासून टूलच्या उलट बाजूला सरकलेला असणार. मध्येच फुगलं तर स्टेडी (बारला मधे आधार देणारी चौकट) लावा.

प्रतिसाद २

पुढचा जॉब: २० ची पिन आणि तिचा बुश (पिन ज्यात बसते ती नळी), एच७/जी६ फिट, म्हणजे भोक आणि पिनच्या मापांची ठरलेली मर्यादा. भोक २०.००० ते २०.०२१, पिन १९.९८० ते १९.९९३. व्हर्नियर पुरणार नाही, काकांकडून मायक्रोमीटर मागा.

धागाकर्ता

दोघांचे आभार! बुशचं भोक रीमरने (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) करू की बोअरिंग टूलने (भोक आतून कापून मोठं करणारं टूल)?

प्रतिसाद २

आधी ड्रिल, मग बोअरिंगने १९.८ पर्यंत, शेवटी रीमर. ड्रिलचं भोक वाकडं गेलं असेल तर रीमरही त्याच्याच मागे जातो, ते बोअरिंगनेच सरळ होतं. रीमरला स्पीड कमी ठेवा, तेल सोडा आणि बाहेर काढताना उलटा फिरवू नका, धार जाते.