मदत हवी आहे: हब मोटरच्या चुंबकांची ताकद उतरली, आता कोणते घेऊ?

नमस्कार मंडळी. जुन्या स्कूटरच्या दहा इंची मागच्या चाकासाठी घरीच हब मोटर (चाकाच्या आतच बसणारी) बनवली आहे: ४८ व्होल्ट, तारा गुंडाळायच्या २७ खाचा (स्लॉट), ३० चुंबक (पोल), फिरणारा भाग (रोटर) बाहेर. सपाटीवर झकास पळते. कात्रजचा घाट दोघांनी चढलो आणि तेव्हापासून दम गेला. गंमत म्हणजे चाक अधांतरी ठेवून फिरवलं तर वेग पूर्वी ६२० आरपीएम होता, आता ७००! मोटर पूर्ण थंड असतानाही तेवढाच. म्हणजे बॅक ईएमएफ (फिरताना मोटर स्वतःच तयार करते ते उलटं व्होल्टेज, जे वेगाला आवर घालतं) घटला, चुंबकांची ताकद कायमची उतरली, असा माझा अंदाज.

चूक माझीच. स्वस्तातले साधे एन३५ (निओडिमियम चुंबकाचा ग्रेड) लावले, जे ८० अंश सेल्सिअसपर्यंतचेच. दहाला एक चढ धरला तर १८० किलोला चाकावर साधारण ४५ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवायचा जोर) लागतो, त्याला करंट जास्त म्हणून मोटर तापते, आणि आतल्या स्टेटरची (तारा गुंडाळलेल्या स्थिर भागाची) उष्णता बाहेर पडायला धातूची वाट म्हणजे फक्त धुरा.

एन४२एसएच ग्रेडचा चुंबक १५० अंश सोसतो, पण महाग. तोच घेऊ, की आधी फेरोफ्लुइड (चुंबकाला चिकटून राहणारं द्रव) घालून उष्णता बाहेरच्या कवचाकडे काढू? आणि जुने चुंबक कवच न वाकवता सोडवायचे कसे? इपॉक्सीने पक्के बसलेत. तापवून पाहायची हिंमत होत नाही. कोणी केलंय का?