आठवीपर्यंतच मोफत का?

प्रश्न: आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, ६ ते १४ वयापर्यंतच शिक्षण मोफत नि सक्तीचं, मग नववीपासून ऊसतोड्यांच्या पोरांनी काय करायचं? बारावीपर्यंत करा आणि वायरिंग, वेल्डिंगपण शिकवा असं मला वाटतं, तुम्हाला?

उत्तर १: सक्ती पाहिजेच. शाहू महाराजांनी १९१७ ला कोल्हापुरात केलीच ना, पोरगं शाळेत नाही धाडलं तर आईबापाला महिना १ रुपया दंड!

उत्तर २: दादा, दंड कोणाला करणार, दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन आख्खं घरच कारखान्याकडे निघतं. आधी गावातली हंगामी वसतिगृहं नीट चालवा, पोरं मागे राहतील.

उत्तर ३: पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात पोरं हाताने वेल्डिंग करत शिकतात, भारी आहे. पण गरिबाच्या पोराला नुसता पाना-पकड नको, गणित-इंग्रजीपण तेवढंच पक्कं पाहिजे.