मोनेच्या चित्रात ऊन पडलेलं दिसतं, माझ्या का नाही?

प्रश्न:
वर्षभर तैलरंगात निसर्गचित्रं करतेय. उन्हासाठी पिवळा-पांढरा भरपूर लावते, सावलीला त्याच रंगात काळा मिसळते, पण चित्र मळकटच दिसतं. मोने, पिसारो, सिसली या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधल्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांची चित्रं बघताना मात्र त्या वेळची हवा अंगाला लागल्यासारखी वाटते. कसं जमवायचे हे लोक?

उत्तर 1:
आधी काळ्याची ट्यूब बाजूला ठेवा. सावलीत ऊन नसतं पण आकाशाचा उजेड असतोच ना, म्हणून ती निळसर-जांभळी दिसते. मोनेचं 'मॅगपाय' (1868-69) बघा, सगळीकडे बर्फ, फाटकावर एक पक्षी आणि कुंपणाची सावली चक्क निळी! त्या निळ्यामुळेच शेजारचा बर्फ उबदार वाटतो. 1869 च्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनात, हे चित्र नाकारलं होतं, आज मला ते त्याच्या सगळ्यात सुंदर चित्रांपैकी एक वाटतं.

उत्तर 2:
वरचं पटलं, पण नुसता रंग बदलून भागणार नाही, टोन, म्हणजे रंगाचा गडद-फिकटपणा बघा. मोनेच्याच 'इम्प्रेशन, सनराइज' (1872) चा फोटो मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, सूर्य जवळजवळ गायब होतो!! कारण तो आजूबाजूच्या आकाशापेक्षा फारसा उजळ नाहीच, फक्त करड्या-निळ्यात केशरी आहे, म्हणून पेटल्यासारखा दिसतो. धुक्याचंही तेच, गडद-फिकटातला फरक कमी ठेवायचा, कडा विरघळू द्यायच्या आणि लांबच्या वस्तूंना रेषेत बांधायचं नाही.

प्रश्नकर्ती:
आत्ताच करून बघितलं, खरंच गेला सूर्य! पण बाहेर बसले की तासाभरात उजेड बदलतो आणि मी सकाळच्या चित्रात दुपारच्या सावल्या घालून ठेवते, त्याचं काय करू?

उत्तर 3:
मळकटपणाचं अर्धं कारण हेच असणार. मोने उजेड बदलला की कॅनव्हासच बदलायचा. फ्रान्समधल्या रुआं शहराच्या कॅथेड्रलची (मोठ्या चर्चची) त्याची तीसेक चित्रं आहेत, दगड तोच, पण कधी निळा, कधी सोनेरी. आणि सगळं जागेवरच संपवायचा असंही नाही, ती चित्रं त्याने नंतर जिव्हर्नी या गावी, आपल्या घरच्या स्टुडिओत पूर्ण केली. तुम्ही दोन छोटे कॅनव्हास न्या, सावली सरकली की पहिला थांबवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत काढा.