पिकलबॉलची पहिली पॅडल: १३ मिमी की १६ मिमी? मदत हवी आहे

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या बॅडमिंटन कोर्टवरच (मापं तीच, ४४ बाय २० फूट) पिकलबॉल (पॅडल म्हणजे छोट्या सपाट फळीने भोकं असलेला प्लॅस्टिकचा बॉल नेटपलीकडे मारायचा खेळ) सुरू झालंय. महिनाभर उसनी लाकडी पॅडल वापरतोय. जड आहे, तासाभराने उजवं कोपर ठणकायला लागतं. डॉक्टरांना दाखवलंय, विश्रांती झाली, खेळायला हरकत नाही म्हणाले.

वय ४६, आधी पंधरा वर्षं बॅडमिंटन. त्यामुळे मनगटाने फटकवायची सवय सुटत नाही. किचनच्या (नेटजवळचा पट्टा, जिथे उभं राहून बॉल हवेतच मारता येत नाही) रेषेवरून हलकेच टाकायचा बॉल हमखास उंच उडतो आणि समोरचे सत्तरीतले काका तो माझ्याच पायांवर हाणतात.

दुकानात दोन हाताळल्या. एक १३ मिमी जाडीची, फायबरग्लासची, साधारण २२० ग्रॅम. दुसरी १६ मिमी, कार्बन फायबरची, २३५च्या आसपास. दोन्हींच्या आत पॉलिप्रॉपिलिनची मधाच्या पोळ्यासारखी जाळी. जाड पॅडल बॉलचा जोर जिरवते, पातळ जास्त जोर देते, एवढं कळलंय. दुकानदाराचं मात्र एकच पालुपद, "नवीन आहात ना, हलकी घ्या." मूठ बारीकच घेणार, वर ग्रिप गुंडाळता येते, जाड मूठ कमी कशी करणार?

बजेट ४ हजार, फार तर ५. आठवड्यातून तीन संध्याकाळी, फक्त डबल्स, उघड्यावर, ४० भोकांचा बॉल. पावसाळ्याचं नंतर बघू.

कोपर सांभाळून खेळणाऱ्यांनो, तुमचा अनुभव काय? १५ ग्रॅम जास्त वजन परवडतं, की पातळ पॅडलचा हादरा जास्त बाधतो?