घोडीच्या दुधाचं ऐराग

दुधाच्या पेयांवरच्या चर्चेत ताक, लस्सी, तुर्की आयरान सगळं येऊन गेलं, पण एकाने लिहिलंय की 'दुधाच्या पेयाने नशा थोडीच चढते!' त्यांच्यासाठी मंगोलियाचं ऐराग. मध्य आशियात यालाच कुमिस म्हणतात.

घोडीचं ताजं दूध खोखूर नावाच्या चामडी पिशवीत जुन्या ऐरागाच्या विरजणावर ओततात आणि लाकडी दांड्याने हजारो वेळा घुसळतात. या दुधात केसीन हे प्रथिन कमी, म्हणून घट्ट दही लागतच नाही. साखर मात्र गाईच्या दुधाहून बरीच जास्त. जिवाणू तिचं आम्ल करतात, यीस्ट अल्कोहोल. प्रमाण साधारण दोन टक्के, त्यामुळे वाडगेच्या वाडगे रिचवले तर चढणारच.

1253 मध्ये मंगोल मुलुखात शिरलेल्या विल्यम ऑफ रुब्रुक या फ्रान्सिस्कन पंथाच्या ख्रिस्ती साधूला पहिल्या घोटाला दरदरून घाम फुटला होता. तरी चव आवडली म्हणतो! जिभेला झोंबतं आणि मागे बदामाच्या दुधाची चव राहते, हेही त्याने नोंदवलंय. रशियन लेखक चेखवनेही 1901 मध्ये क्षयावर उपचार म्हणून कुमिस प्यायलं. गुण काही आला नाही, 1904 मध्ये तो गेलाच. खोखूरमध्ये ऐराग करण्याची पद्धत 2019 पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे.