दुर्बीण घ्यावी की रोबोटिक्सचा क्लास लावावा?

धायरीची_आई:
मुलगी चौथीत आहे. परवा रिमोटची बंद पडलेली गाडी खोलून तिनं मोटर बाहेर काढली. संध्याकाळी गच्चीवर गेलो की विचारते, चंद्र दिवसाही कसा दिसतो? माझं शिक्षण कॉमर्सचं, त्यामुळे अडखळायला होतं. आधी दुर्बीण घेऊ की क्लास लावू?

टूलरूमवाले_काका:
ताई, सध्या दोन्ही राहू द्या. ती मोटर मात्र अजिबात टाकू नका.

मी भोसरीत टूलरूममध्ये होतो, नातवाबरोबर हेच करतो. मोटरला दोन पेन्सिल सेल जोडा. तारा उलट लावल्या तर काय होईल, हे आधी तिला सांगू द्या, मगच लावा. मोटर उलटी फिरते. मग दांड्यावर खोडरबराचा तुकडा मुद्दाम एका बाजूला जड राहील असा खोचा. तोल गेल्यामुळे मोटर थरथरते. ती कपडे घासायच्या लहान ब्रशवर बांधली की ब्रश चालू लागतो. सरळ जातो की गोल फिरतो, का, रबर पुढे सरकवलं तर काय, यात आमची अख्खी दुपार जाते. नातू चुकीचा अंदाज सांगतो तेव्हा मी गप्प बसतो, हे सगळ्यात अवघड! फक्त सेलवरच, घरातल्या प्लगला हात नाही.

चंद्रासाठी भिंतीवरचं कॅलेंडर पुरे. शुद्ध अष्टमीला दुपारी चारला पूर्वेकडे पाहा, वद्य अष्टमीला सकाळी आठला पश्चिमेकडे. चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो. वेळा तिलाच वहीत लिहू द्या, उत्तर तिचं तिला सापडेल.

कोथरूडची_शिक्षिका:
काकांशी सहमत. भर एवढीच घालते: पुण्यातून ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून साधारण साडेअठरा अंशांवर दिसतो, कारण आपलं अक्षांश तेवढंच. हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरा, की जवळपास तिथेच. मेच्या मध्यात, 13 तारखेच्या आसपास, दुपारी साडेबाराला उभ्या बाटलीची सावली तिच्या बुडाखालीच जाते. शाळेला सुट्टी असते, चुकवू नका.

पुढे घ्यायचीच झाली तर 10×50 ची (दहापट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं 50 मिलिमीटरची) द्विनेत्री घ्या. कठड्यावर टेकवून धरली तर गुरूचे चंद्र दिसतात, गॅलिलिओनं 1610 मध्ये पाहिले तेच. सूर्याकडे मात्र कधीही रोखू नका. आणि विज्ञान दिनाच्या सुमारास, 28 फेब्रुवारीला, नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहायला जमलं तर जा. तिच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना तिथं आणि आसपासच्या परिसरात आहेत. एकीखाली उभं राहिल्यावर मुलं जे प्रश्न विचारतात, ते वर्गात कधी येत नाहीत.

धायरीची_आई:
काका, मोटरच्या तारा सेलला सेलोटेपनं चिकटवल्या तर चालेल? दोनदा सुटल्या.

टूलरूमवाले_काका:
चालेल, पण टोकं आधी पॉलिश पेपरनं घासून घ्या. तरी सुटत असतील तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत सेल होल्डर आणि छोटा स्विच सुटा मिळतो. तिला बरोबर न्या आणि दुकानदाराला काय हवं ते तिलाच सांगू द्या.