चार आण्याची पावती

एकांनी लिहिलंय की १९४७ ला आपल्याला राज्ययंत्रणा आयतीच मिळाली, इंग्रज गेले आणि खुर्च्यांवर आपली माणसं बसली. सचिवालयं, जिल्हाधिकारी, राज्यकारभाराचा १९३५ चा कायदा हे सगळं त्यांचंच होतं, मान्य. पण निवडून देण्याची, समित्या चालवण्याची सवय असलेले लोक कुठून आले?

आम्ही नागपूरकरांनी तरी हे विसरू नये. डिसेंबर १९२० मध्ये इथल्याच अधिवेशनात काँग्रेसने नवी घटना स्वीकारली. चार आणे भरणारा कोणीही सभासद, गावापासून वरपर्यंत समित्या, आणि प्रांत भाषेप्रमाणे. सरकारच्या लेखी मध्यप्रांत-वऱ्हाड एकच प्रांत होता. काँग्रेसने त्याचे मराठी भाग, हिंदी भाग आणि वऱ्हाड असे तीन केले. आमच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत अशी एक पावती आहे, घडीवर फाटत आलेली, शाई तपकिरी पडलेली. सही मोडीत. शेतकरी माणूस, मताचा अधिकार त्यांना पुढे १९५१-५२ लाच मिळाला, पण समिती निवडायची सवय तीस वर्षं आधीची.

आफ्रिकेत बेल्जियमच्या ताब्यातल्या काँगोत लोकांची नेमकी हीच तयारी होऊ दिली गेली नाही. तिथे पक्षांना मोकळीकच १९५० च्या दशकाच्या शेवटी मिळाली. ३० जून १९६० ला स्वातंत्र्य, पदवीधर जेमतेम वीसेक, सैन्यातले अधिकारी सगळे बेल्जियन. आठवड्याच्या आत सैन्यात बंड झालं, पंतप्रधान लुमुंबांचा सात महिन्यांत खून. तिथली माणसं कमी कुवतीची होती म्हणून हे झालं, असं कोणी म्हटलं की मला फार लागतं. त्यांना तयारीची वर्षंच मिळाली नाहीत.